विषय: गावातलं घर आणि रुंद झालेला रस्ता

मंडळी, नमस्कार.

तीन आठवडे बेळगावात राहून शुक्रवारी मस्कतला परतलो. आपली बेळगावची मिठाई, कुंदा आणलाय, खरं डबे चारच आहेत. पुढच्या बैठकीला जो आधी येईल त्याचे.

बऱ्याच जणांनी विचारलं, गावात काय काय बदललं? तर आमच्या घरापासूनच सांगतो. गल्लीचं नाव लिहीत नाही, भाऊबंदकीचा दावा अजून चालू आहे, ओळखणारे ओळखतीलच. रुंदीकरणात पुढचे अकरा फूट गेले हे फोनवर कळलं होतं. बघितलं मात्र यावेळी. सोपा, म्हणजे पुढची ओसरी, गेला आणि माजघर रस्त्यावर आलं. नीळ घातलेल्या चुन्याची ती भिंत आता येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. तिच्यात एक कोनाडा आहे, वर काजळीचा पट्टा. आजी तिथं चिमणी ठेवायची. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्या कोनाड्यात चहाचा कागदी कप. काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तिथंच दुसरा. तिसऱ्या दिवशी मी नाद सोडला.

दुसरी गोष्ट पाट्यांची. कर्नाटकानं 2024 मध्ये कायदा दुरुस्त केला आणि पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. चुलतभावाच्या कापडदुकानावरची आजोबांच्या वेळची मराठी पाटी उतरली. नव्या पाटीवर वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी. भावानं काही वाद घातला नाही. पेंटरला बोलावून शटरवर देवनागरीत दुकानाचं नाव रंगवून घेतलं, चांगलं दोन हात उंच. दिवसा शटर गुंडाळलेलं असतं. रात्री खाली ओढलं की मराठी. "बघणार कोण रे रात्री?" म्हटलं तर म्हणाला, "कुत्री बघतात की!"

तो हसत म्हणाला, खरं माझं दुखणं तेच आहे. रात्री नऊनंतर गल्लीत माणूस नाही. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी ही पेठ होती. मारुती गल्ली घ्या, गणपत गल्ली घ्या, दुकान बंद झालं तरी वरच्या खिडकीत उजेड असायचा, कुणीतरी खाली टोपली सोडून पाव घ्यायचं. आता वर गोदामं. खोकी रचलेली, खिडक्यांना आतून पत्रे. रस्ता मोठा झाला आणि राहणारा गेला, असं माझं मत झालंय. पटत नसेल तर लिहा.

गल्लीवाला, मस्कत

---

उत्तर: गावातलं घर आणि रुंद झालेला रस्ता

अरे बाबा, पटत नाही म्हणूनच लिहायला बसले.

आम्ही परत येऊन सहा वर्षं झाली, तेव्हा तीन आठवड्यांच्या पाहुण्यापेक्षा माझं थोडं जास्त ऐकून घे. तुझ्या काकांच्या छातीत दुखलं होतं ते आठवतं? तेव्हा कपिलेश्वराजवळ पूल नव्हता, फाटक होतं. मालगाडी आली. रिक्षात मी, मांडीवर त्यांचं डोकं, आणि डबे मोजतेय. मोजण्याशिवाय करणार काय? छत्तीसपर्यंत लक्षात आहे. आता त्या पुलावरून जाताना मी कुणाचं घर किती फूट गेलं याचा हिशेब करत नाही. माणुसकी नाही म्हण हवं तर.

आणि वरची बिऱ्हाडं रस्त्यानं पळवली नाहीत. ती आधीच गेली होती. गल्लीत मुलगी द्यायला कोण तयार होतं? संडास मागं परसात, जिना एक माणूस चढेल एवढा, गाडी लावायला जागा नाही. शहरातल्या 58 प्रभागांपैकी 10 प्रभागांत 2008 पासून चोवीस तास पाणी यायला लागलं, आणि बाकीच्यांनी पाणी येण्याच्या दिवसाची वाट बघत पिंपं भरली. ज्यांना जमलं ते टिळकवाडीला गेले, अनगोळला गेले. तुझे वडील पण त्यातलेच की! तुमच्या वरच्या मजल्यावर साड्यांचे गठ्ठे ठेवायला भाड्यानं दिलं कुणी? रस्त्यानं?

रागावू नकोस. शटरची गोष्ट मात्र फार आवडली. परवा रात्री मुद्दाम चालत गेले बघायला. 'श' थोडा वाकडा आलाय, पेंटरला सांग.

काकू, टिळकवाडी

---

उत्तर: उत्तर: गावातलं घर आणि रुंद झालेला रस्ता

मंडळी,

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे असं म्हणून सुटणार होतो, खरं एक आठवण करून द्यावीशी वाटली. गल्लीवाले ज्या किर्लोस्कर रोडवरून रोज घरी गेले असतील, त्या रस्त्याचं नाव कुणावरून? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली तिथं सायकलचं दुकान काढलं. पुढं नांगर, कडबा कापायची यंत्रं असा कारखाना उभा केला, आणि नव्या वसाहतीसाठी जागा पाहिजे म्हणून नगरपालिकेनं त्यांना ती जागा सोडायला लावली. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे बेळगावनं उठवलेल्या माणसाचं नाव बेळगावनंच रस्त्याला दिलं. आमच्या गावाची ही जुनी खोड आहे. आधी हलवायचं, मग पाटी लावायची.

भाजी मार्केटचं पण तेच. किल्ल्याजवळची होलसेल मार्केट 2019 ला एपीएमसीच्या, म्हणजे बाजार समितीच्या, यार्डात गेली. ट्रक गावात यायचे थांबले हे चांगलंच झालं. खरं पहाटे तिथनं पाटी उचलून गल्लीबोळात विकणाऱ्या बायकांचा दिवस त्या मार्केटवर बेतलेला होता. लांब गेल्यावर रिक्षाभाडं मेथीच्या पेंडीला लागतं. कांदा मार्केटच्या कडेला बसणाऱ्या एकीनं मला पेंडीचा दर सांगितला, मी घासाघीस करायला लागलो, तर म्हणाली, "मामा, यात रिक्षावाल्याचा पण वाटा आहे." मुकाट्यानं पैसे दिले.

बाकी आम्ही शहापूरकर. शहापूर आता बेळगावातच मोडतं, खरं तेव्हा सांगली संस्थानात होतं. आमची आजी मरेपर्यंत "बेळगावला जाऊन येते" म्हणून नवी चप्पल घालून निघायची. अंतर किती, तर चालत वीस मिनिटं. तेव्हा गाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं यावर आम्ही जरा सावधच बोलतो.

शहापूरकर, न्यू जर्सी

---

उत्तर: उत्तर: उत्तर: गावातलं घर आणि रुंद झालेला रस्ता

काकू, टोला बसला. वर भाड्यानं आम्हीच दिलं, बाबांनी नव्हे, मी. 2011 साली, फोनवरून. महिन्याला अडीच हजार. तेव्हा वाटलं, रिकामं राहण्यापेक्षा बरं. मागच्या मेलमध्ये हे लिहायचं राहिलं असं म्हणणार होतो, खरं राहिलं नव्हतं, टाळलं होतं.

मामा, किर्लोस्करांचं माहीत नव्हतं. चुलतभावाला वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "मग आमच्या नावाचा रस्ता कधी?"

एक काम आहे. सोपा पाडला तेव्हा पुढचं दार भावानं सोडवून ठेवलं. सागवानी, दोन फळ्यांचं, पितळी कड्या आहेत, चौकटीवर गणपती कोरलेला. उंची पावणेसहा फूट, त्यामुळे आमच्यात सगळे वाकूनच आत यायचे. माझ्या जावयानं पहिल्या दिवशी कपाळ आपटून घेतलं होतं. सध्या ते एका लाकडाच्या वखारीत उभं करून ठेवलंय, वखारवाल्याला जागा हवी आहे, आणि मोडीत द्यायचं जिवावर येतंय. मंडळातल्या कुणाचं गावात बांधकाम चालू असेल, निदान बैठं घर असेल, तर कळवा. पैसे नकोत. नेण्याचा टेम्पो तुमचा. चौकट उजवीकडं थोडी वाळवीनं खाल्लीय, ती सुताराकडून बघून घ्यावी लागेल.

वखारवाल्यानं महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय.

गल्लीवाला