दादाची दारू सुटली, पण माणूस ताळ्यावर येईना. मदत हवी आहे

मोठा भाऊ, वय ४४. बारा वर्षं रोजची सवय, क्वार्टरवरून हाफवर गेलेली. गेल्या महिन्यात आईच्या पायावर हात ठेवून एका रात्रीत बंद केली. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की कप धरवेना. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून झाडू घेऊन बसला. काका म्हणाले, बाहेरचं आहे. वहिनीने कुणाचं न ऐकता रिक्षात घालून दवाखाना गाठला, म्हणून वाचला.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. प्यायलेला नाही (वास ओळखण्यात आमचं घर तयार झालंय). पण रात्रभर टक्क जागा, पोरांवर खेकसतो, बांगड्याचं कालवणसुद्धा गोड लागत नाही. वहिनीला संशय येतो. डॉक्टर घाईत एवढंच म्हणाले, "मेंदूतलं केमिकल जागेवर यायला वेळ लागेल." म्हणजे काय? काकांनी चहात गुपचूप घालायची पावडरही आणून ठेवलीय. द्यावी का?

"मनावर घेतलं की सुटते" हे कृपया नको.

प्रतिसाद

पावडर आधी फेकून द्या. अशा पुडीत काय असतं ते कळत नाही. डायसल्फिराम (दारूसोबत पोटात गेलं की रिअ‍ॅक्शन देणारं औषध) असलं आणि त्याने नकळत एक पेग घेतला, तर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं.

मी सहा वर्षं थेंब घेतलेला नाही. मला रस्सीखेच सांगून समजावलं होतं. मेंदूत एका बाजूला शांत करणारं गाबा, दुसऱ्या बाजूला चेतवणारं ग्लुटामेट. दारू गाबाच्या बाजूने ओढते. तोल राखायला मेंदू वर्षानुवर्षं पलीकडे गडी वाढवत जातो. एका रात्रीत दारूने दोर सोडला की काय होणार? थरथर, भास, फिटसुद्धा. म्हणून रोज पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नये.

जास्तीचे गडी लगेच घरी जात नाहीत. झोप नीट यायला कित्येकदा महिने लागतात. डोपामीन म्हणजे मेंदूतलं सुखाचं केमिकल; त्याला दारूच्या झटक्याची सवय, त्यामुळे कालवण फिकं लागणारच. चिडचिडीवरून चोरून पितो असं ठरवू नका.

बी-१ (थायामिन) चालू आहे का, ओढ कमी करायला नाल्ट्रेक्झोन किंवा अकॅम्प्रोसेट चालेल का, विचारा. लिव्हरचे रिपोर्ट सोबत न्या. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी नको. अडलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

धागाकर्ती

पावडर मोरीत ओतली. काका रुसलेत. बी-१ची गोळी चिठ्ठीवर होती, आम्ही "ताकदीची" समजून आठवड्याने थांबवली होती. आज आणते.