मदत हवी आहे: पीटेनपोल एअर कँपर विमानाच्या चाकांचा आस 8 सेंमी पुढे घेऊ का?

नमस्कार मंडळी,

वेल्डिंगला हात घालायच्या आधी जाणकारांना विचारून घेतो.

मी मिनेसोटात राहतो. इथल्याच बर्नार्ड पीटेनपोल यांचं एअर कँपर बांधतोय. 1929 साली त्यांनी ते फोर्ड मॉडेल ए मोटारीच्या इंजिनावर उडवलं होतं, माझ्याकडे काँटिनेंटल ए-65 आहे. मूळ नकाशात ब्रेकच नाहीत. शेपटाखाली स्किड असायची, गवतावर घासत तीच विमान थांबवायची. आमची धावपट्टी डांबरी, म्हणून मी ब्रेक आणि टेलव्हील (शेपटाखालचं चाक) बसवलं. आस मात्र नकाशातल्याच जागी ठेवला.

परवा ब्रेक दाबून इंजिन पूर्ण वाढवलं, स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) मधोमध होती. टेलव्हील वीतभर वर आलं. थ्रॉटल झटकन मागे घेतला म्हणून पंखा जमिनीला लागला नाही. अजून हात कापतो आठवलं की.

मग गुरुत्वमध्याची उंची मोजायला बसलो. छत्रीसारखा वर असलेला पंख (म्हणूनच याला पॅरासोल म्हणतात), त्यातच पेट्रोलची टाकी, त्यामुळे ती जास्त असणार हे दिसतच होतं. एकूण वजन 400 किलो (मी आत बसून, टाकी भरलेली). विमान सपाट ठेवल्यावर शेपटाखालच्या काट्यावर 24 किलो, आसापासून तिथवर अंतर 4 मीटर. शेपूट 12 अंश खाली आणल्यावर 40 किलो, ओळंबा सोडून मोजलेलं अंतर 4.05 मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य सपाट असताना आसाच्या 24 सेंमी मागे आणि, चाकाची त्रिज्या धरून, जमिनीपासून सुमारे 107 सेंमी वर. चाकापासून त्याच्याकडे जाणारी रेघ उभ्या रेषेशी जेमतेम 12.6 अंश करते. टेलव्हील विमानाला 16 ते 25 अंश हवेत, असं सगळीकडे वाचलंय. शेपूट उचलून पळताना नुसत्या 0.22 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.22 पट) एवढ्या ब्रेकिंगला नाक जमिनीवर!

आस 8 सेंमी पुढे घेतला की कोन 16.6 होतो. पण इथेच घोडं अडलंय. शेपटाखालच्या काट्यात एक किलोची चूक झाली तर उंचीत जवळपास 5 सेंमीचा फरक पडतो, आणि माझा काटा तेवढा भरवशाचा नाही. उंची 112 निघाली तर कोन 16 ला कसाबसा टेकतो.

मग 10 सेंमी घ्यावा का? तेवढ्याने शेपूट उचलायला जड जाईल, आणि वाऱ्यात उतरताना विमान गर्रकन फिरण्याची भीतीही वाढेल. माझे टेलव्हीलवरचे तास थोडेच आहेत, म्हणून मला त्याचीच धास्ती जास्त वाटते.

ब्रेक लावून पॅरासोल उडवलेलं कुणी आहे का इथे? आस किती पुढे घेतला होतात? आणि उंची मोजताना शेपूट खाली नेण्याऐवजी सपाटच्याही वर उचलून तिसरं वजन घेतलं, तर आकड्यांवर जास्त विसंबता येईल का? शनिवारी मित्राचा चांगला काटा मिळतोय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.