हिरड्यांचे अनुभव लिहूया का?

दातांबद्दल सगळे बोलतात, हिरड्यांचं नाव कोणी काढत नाही. मीही काढलं नव्हतं. दोन वर्षं दात घासताना गुलाबी फेस यायचा आणि मी ब्रशला दोष द्यायचो. दुखत नव्हतं ना! मग एकदा भरलेली दाढ निखळली म्हणून गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत सरकवत आकडे म्हणायला सुरुवात केली. दोन, तीन, तीन, पाच, सहा. ही फट निरोगी असेल तर १ ते ३ मिलिमीटर. सहा म्हणजे आत हाड झिजलेलं, आणि झिजलेलं हाड आपसूक भरून येत नाही. मुळांपर्यंत सफाई करून घेतली. आता पुढचे आकडे पाचाखाली आहेत. तुमचं सांगा.

*

मी तर जिथून रक्त येतं ती बाजू घासायचीच सोडून दिली होती. थर साचला, त्याचं कीटण झालं, रक्त आणखी वाढलं. कीटण काढून घेतल्यावर मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, हलक्या हाताने, मुद्दाम तिथेच फिरवायला शिकले. पहिले चार दिवस बेसिन बघवत नव्हतं. दोन आठवड्यांत थांबलं.

*

वरच्या ताईंना अनुमोदन. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या दंतसंशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. हाडापर्यंत गेलेलं मात्र असं परतत नाही.

*

माझा गुन्हा उलटा, अतिस्वच्छता. भांडी घासावीत तसे दात घासायचो. उजव्या हाताचा, म्हणून डावीकडच्या सुळ्याजवळ जोर जास्त. तिथलीच हिरडी वर सरकून मूळ उघडं पडलं. गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी. टाळूतून तुकडा काढून तिथे लावला. गंमत म्हणजे हिरडी दोन दिवसांत शांत झाली, टाळू आठवडाभर ठणकत होती.

*

पंधरा वर्षं सिगारेट ओढली, रक्ताचा थेंब नाही. हिरड्या लोखंडी आहेत असं वाटायचं. सोडल्यावर महिन्याभरात रक्त यायला लागलं आणि बायकोला म्हटलं, बघ, सोडून तोटाच झाला! डॉक्टर हसले. सिगारेटमुळे रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे आजार आत चालू असूनही रक्त दिसत नाही. दोन दाढा तोवर हलत होत्या. एक गेली.

*

गरोदर असताना पाचव्या महिन्यात दोन दातांमधली हिरडी लालभडक फुगली, हात लावला की रक्त. गाठ समजून रात्रभर जागले. हार्मोन्समुळे होतं म्हणे. बाळंतपणानंतर बसली.

*

आईची हिरडी दातांवर चढायला लागली होती. कारण निघालं रक्तदाबाची गोळी, ॲम्लोडिपिन! सगळ्यांना होत नाही, पण होतं. गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, आपण होऊन बंद करू नका.

*

प्रश्न आहे. वडिलांचे दात साफ केल्यावर हलायला लागले, म्हणून घरातलं कोणी दातांच्या डॉक्टरांकडे जायला तयार नाही.

*

ते आधीच हलत होते, दादा. कीटणाने एकमेकांना चिकटवून धरले होते, इतकंच. माझ्या सासऱ्यांचंही अगदी हेच झालं.