युद्ध लागलं की कुणालाही आत टाकता येतं का?

ए-२०३: बी-विंगच्या काकांचा फॉरवर्ड वाचला. युद्धाची आणीबाणी लागली की कोर्टाचे दरवाजे बंद, असं त्यात म्हटलंय. खरंय?

सी-५०४: १९७६ साली खरं होतं. एडीएम जबलपूर खटल्यात (आणीबाणीत खटल्याविना डांबलेला माणूस सुटकेसाठी कोर्टात जाऊ शकतो का, हा प्रश्न) चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने, एकटे खन्ना विरोधात. ४४व्या घटनादुरुस्तीनंतर (१९७८) कलम २० (शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. २०१७ च्या पुट्टस्वामी (खासगीपणाच्या हक्काच्या) निकालाने तर जबलपूरच मोडीत काढलं.

ए-१०१: मॅडम, कलम २२ (अटक आणि स्थानबद्धता, म्हणजे खटल्याविना डांबणं, यांबाबतचं संरक्षण) मात्र स्थगित होऊ शकतं. स्थानबद्धतेची कारणं कळवणं, आदेश तपासणारं सल्लागार मंडळ, सगळं त्यातच येतं.

सी-५०४: हो सर, पण त्याच अटी रासुका म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातही आहेत. संसदेने कायदा बदलेपर्यंत त्या पाळाव्याच लागतात. मखनसिंग निकाल (१९६३) हेच सांगतो: आदेश कायद्याबाहेरचा किंवा आकसाचा असेल तर आणीबाणीतही आव्हान देता येतं.

बी-३०२ (काका): मुदती सांगा म्हणजे झालं.

सी-५०४: कारणं एरवी ५ दिवसांत. कलेक्टर किंवा पोलीस कमिशनरच्या आदेशाला १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी. ३ आठवड्यांत प्रकरण मंडळापुढे, ७ आठवड्यांत अहवाल. मंडळ ‘पुरेसं कारण नाही’ म्हणालं तर सोडावंच लागतं. कमाल १२ महिने.

ए-१०१: ४४व्या दुरुस्तीत मंडळाच्या मताशिवाय डांबून ठेवण्याची मुदत ३ वरून २ महिने करणारं कलमही होतं. ते आजवर लागूच केलेलं नाही! सोयीचा विसर.

ए-२०३: मग स्थानबद्धतेचे आदेश टिकत नाहीत ते कशामुळे?

ए-१०१: कागदामुळे. चीन युद्धाची आणीबाणी चालू असतानाच १९६५ मध्ये लोहिया सुटले. भारत संरक्षण नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ होतं, आदेशात ‘कायदा व सुव्यवस्था’. दुसरीची व्याप्ती मोठी, तेवढा अधिकार नियमाने दिलाच नव्हता. नागपूरच्या एका स्थानबद्धाला कारणं इंग्रजीत दिली आणि मागूनही हिंदीत दिली नाहीत. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला.

बी-३०२ (काका): घरच्यांनी काय करायचं?

सी-५०४: काका, कागद घेताना स्थानबद्धाने सहीखाली तारीख-वेळ लिहावी, जोडपत्रं मोजून घ्यावीत, कळत नसलेल्या भाषेतली परत मागावीत. मंडळापुढे वकील हक्काने मिळत नाही, पण वकील नसलेला मित्र मदत करू शकतो. राज्य आणि केंद्र, दोघांना वेगवेगळं निवेदन द्या आणि पोच सांभाळा. निवेदन विनाकारण पडून राहिलं तर हेबियस कॉर्पसमध्ये (बेकायदा डांबलेल्याच्या सुटकेसाठीची याचिका) तोच मुद्दा चालतो. ती याचिका नातेवाईक किंवा मित्रही करू शकतात.