मदत हवी आहे: टोलपडलचा विल्यम नक्की कुठला? (इंग्लंडमधली वंशावळ)

नमस्कार मंडळी,

धागा लांबलाय, पण मी अडकलेयही तशीच. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या वह्या कुणी चाळल्या असतील तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

लग्न होऊन डॉर्सेटमध्ये आले त्याला बारा वर्षं झाली. मागच्या दिवाळीच्या सुमारास लेकाला शाळेतून वंशवृक्ष करून आणायला सांगितला. माझ्याकडची बाजू भावाने अर्ध्या दिवसात उरकली. नाशिकला रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेला, गाव आणि आडनाव सांगितलं, त्यांनी वही काढली. खापरपणजोबांचं पान मोडीतलं होतं, तेही त्यांनीच वाचून दाखवलं. सासूबाईंच्या माहेरची बाजू मी हौसेने अंगावर घेतली आणि दहा महिने झाले, अजून घेऊनच बसलेय.

त्यांचं माहेर टोलपडलचं. मजुरी कमी केली म्हणून सहा शेतमजुरांनी संघटना केली आणि बेकायदा शपथ घेतल्याच्या आरोपावरून १८३४ साली त्यांना सात वर्षांची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला धाडलं, तेच हे गाव. त्या सहांपैकी एकाशी आपलं नातं आहे असं सासूबाई छातीठोकपणे सांगतात. आपल्याकडे नाही का, प्रत्येकाचा कुणीतरी पूर्वज पानिपतावर असतोच! पुरावा मला काही सापडलेला नाही आणि शोधही तो नाहीये.

मागे मागे जात १८५१ पर्यंत पोचायला त्रास झाला नाही. त्या वर्षीपासून जनगणनेत प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव लिहिलेलं असतं. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे. त्याआधी मात्र सगळी भिस्त चर्चवर. गाडी अडली ती सासूबाईंच्या विल्यम नावाच्या पूर्वजापाशी. (आडनाव इथे देत नाही, व्यक्तिगत निरोपात कळवेन.)

विल्यमचं लग्न १८१३ साली टोलपडलच्या चर्चमध्ये झालं. त्या पानाचा फोटो सासूबाईंना टॅबवर दाखवला. पाद्रीबुवांनी सुबक अक्षरात ‘विल्यमची खूण’ असं लिहिलंय आणि मधल्या मोकळ्या जागेत विल्यमने फुली मारलीय. फुलीची एक रेघ दाबून काढलेली, दुसरी थरथरत खालच्या ओळीपर्यंत घसरलेली. बायकोने मात्र सही केलीय, एकेक अक्षर सुटं सुटं. सासूबाई ती सही मोठी करून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, म्हणजे घरात शहाणी तीच होती.

साक्षीदाराच्या नावावरून काही धागा मिळेल म्हणून मी खूश झाले होते. पण पुढची-मागची पानं उलटली तर तोच गृहस्थ प्रत्येक लग्नाला हजर! चर्चचा कारकून निघाला.

आता गुंता असा. १८४१ च्या जनगणनेत विल्यमचं वय ५० आहे. पण त्या वर्षी पंधरापुढची वयं पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहायची असा नियम होता, म्हणजे ५० ते ५४ काहीही धरा. जन्मगाव नाहीच, फक्त ‘याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्म: होय’. १८४८ मध्ये तो वारला, त्यामुळे १८५१ ची जनगणनाही हुकली. मृत्यूच्या दाखल्यावर वय ५७, पण खबर देणारी शेजारीण, तिचीही फुलीच. तिने अंदाजानेच सांगितलं असणार.

त्याच नावाचे बाप्तिस्मे (बाळाला चर्चमध्ये नाव ठेवल्याच्या नोंदी) दोन सापडले: एक १७८९ चा टोलपडलमध्ये, दुसरा १७९१ चा अफपडलमध्ये. (पिडल नदीकाठी पडलांची रांगच आहे: पडलटाउन, टोलपडल, अफपडल, ब्रायन्ट्सपडल, टर्नर्सपडल.) अफपडल टोलपडलहून चालत तासाभराच्या आत. लग्नाच्या नोंदीत ‘याच पॅरिशचा’ (म्हणजे याच चर्चच्या हद्दीतला) असं आहे, पण त्याचा अर्थ तेव्हा इथे राहत होता एवढाच.

दोघांपैकी कुणी लहानपणी वारला का, तेही पाहिलं. दफनाच्या वहीत दोघेही नाहीत. १८४१ मध्ये आसपासच्या गावांत दुसरा विल्यम दिसत नाही. एका साइटवर बावीस जणांनी आपापल्या झाडावर टोलपडलवाला लटकवलाय, पुरावा एकाकडेही नाही. सरळ एकमेकांची नक्कल. मीही भरवशाने तेच उतरवलं होतं, नंतर सगळं पुसलं.

तर जाणकारांनो:

१६६२ च्या कायद्यामुळे गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशवर असायची. मदत मागायला आला की त्याची जबानी घेत: जन्म कुठला, वर्षभर चाकरी कुणाकडे केली, वगैरे. विल्यमची अशी जबानी मिळाली तर प्रश्नच मिटला. हे कागद डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्ट्री सेंटरमध्ये कुणी प्रत्यक्ष पाहिलेत का? नावांची सूची असते की गठ्ठाच्या गठ्ठा वाचायचा?

दुसरा विल्यम नेपोलियनच्या लढायांत गेला असेल का? तशा पेन्शनीच्या कागदांत जन्मगाव असतं म्हणतात. सुरुवात कुठून करू?

आणि घराणं मेथडिस्ट (मुख्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचं) असेल तर? त्यांच्या चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, जुन्या वह्या सरकारजमा होऊन लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘आरजी ४’ या मालिकेत आहेत. म्हणजे आमचा विल्यम कदाचित तिसराच निघायचा!

डीएनए चाचणी करा असं कृपया लगेच सुचवू नका. सासूबाई नळीत थुंकायला तयार नाहीत.

ताजी भर: प्रतिसादांत सुचवल्याप्रमाणे, आजोबांचं नाव नातवाला ठेवलंय का ते बघायला विल्यमच्या मुलांची नावं क्रमाने लावली. थोरला मुलगा जॉन, धाकटा जोसेफ. टोलपडलच्या विल्यमचा बाप जॉन, अफपडलच्याचा बाप जोसेफ. घ्या आता! पुढच्या गुरुवारी रजा टाकून डॉर्चेस्टरला जातेय. तिथे फोटो काढू देतात का, तेवढं कुणीतरी त्याआधी सांगा.