पित्ताशयाच्या प्रत्येक ऑपरेशनमध्ये कोलँजिओग्राम करावा का?

मिरजकर_सर्जन (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो: करावा, आणि प्रत्येक पेशंटमध्ये करावा.

दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन आपल्याकडे डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे.जे.मध्ये पहिल्यांदा केलं. आता ते तालुक्याच्या गावातही होतं. पण त्या ओघात एक चांगली सवय मागे पडली, ती म्हणजे कोलँजिओग्रामची: टेबलावरच पित्तनलिकेत डाय (एक्स-रेवर दिसणारं द्रव्य) सोडून एक्स-रे बघण्याची. सर्जन मिरिझ्झी यांनी अर्जेंटिनात १९३१ मध्ये ही पद्धत सुरू केली होती.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिस्टिक डक्टला (पित्ताशयाला मुख्य पित्तनलिकेशी जोडणारी नळी) पित्ताशयाच्या बाजूने क्लिप लावायची, कात्रीने बारीकसा छेद द्यायचा आणि त्यातून पातळ कॅथेटर आत सरकवायचा. आधी सलाइनने हवा पूर्ण काढायची, कारण हवेचा बुडबुडा फिल्मवर खड्यासारखाच दिसतो. मग पातळ केलेली डाय हळूहळू सोडायची आणि सी-आर्मवर (टेबलाजवळ आणता येणारं एक्स-रे मशीन) तीन गोष्टी बघायच्या: डाय आतड्यात उतरते का, नळीत कुठे खडा अडकलाय का, आणि यकृतातल्या उजव्या-डाव्या दोन्ही शाखा भरतात का. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करूनही वरच्या शाखा भरल्या नाहीत, तर हात तिथेच थांबवायचा. आपण सिस्टिक डक्ट समजून मुख्य नळीतच शिरलो असण्याची शक्यता असते. त्या क्षणी जखम छेदाएवढीच असते. पुढे गेलो तर नळी आरपार कापली जाते आणि पेशंटचं आयुष्य बदलतं.

लॅप्रो_नाशिक

मिरजकर सर, आदर ठेवूनच असहमत.

तुम्ही सांगितलेला छेद चुकीच्या नळीवर पडला असेल, तर इजा झालेलीच आहे. कोलँजिओग्रामने ती कळते, टळत नाही. टाळायची असेल तर अमेरिकन सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला 'क्रिटिकल व्ह्यू' मिळवा. सिस्टिक डक्ट, मुख्य नळी आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी डोळ्यांसमोर. हे दिसत नसेल तर क्लिप उचलायचीच नाही. अर्धवट पित्ताशय काढून बाहेर या, त्यात कमीपणा कसला?

आकडेही तुमच्या बाजूने तितके ठाम नाहीत. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य विमा) नोंदींवर २००३ मध्ये जो अभ्यास आला, त्यात कोलँजिओग्राम केलेल्यांमध्ये इजा ०.३९ टक्के आणि न केलेल्यांमध्ये ०.५८ टक्के होती. सगळे तोच दाखला देतात. पण २०१३ मध्ये टेक्सासच्या नोंदी तपासताना पेशंट आणि सर्जन यांच्यातले फरक वेगळ्या पद्धतीने वजा केले, तेव्हा हा फायदा ठोसपणे उरला नाही. शिवाय नळीत दिसलेले बारीक खडे बरेचदा आपोआप निघून जातात. दिसला की काढ, असं करत गेलो तर विनाकारण ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायचे उपचार) वाढतील.

ओटी_सिस्टर

दोन्ही सरांचं पटतं, पण ओटीतली गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. अनेक छोट्या हॉस्पिटलांत सी-आर्म हाडांच्या डॉक्टरांसाठी घेतलेला असतो. तो त्यांच्या लिस्टला लागला की आमच्या टेबलापर्यंत येतच नाही. लेड ॲप्रन पुरेसे नसतात, टेबलाखाली लोखंडी पट्टी आडवी येते, कॅथेटर ऐन वेळी शोधावा लागतो. जिथे रोज करतात तिथे हे चटकन उरकतं. जिथे वर्षातून कधीतरी करतात तिथे भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत बसतात. 'अवघड वाटलं तरच करू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की अवघड केसच्या दिवशीच टीमला सवय नसते.

मिरजकर_सर्जन

सिस्टर, माझा सगळा मुद्दा तुम्ही एका ओळीत मांडलात.

@लॅप्रो_नाशिक, क्रिटिकल व्ह्यू हवाच, त्यावर वाद नाही. पण अशा इजांचे व्हिडिओ तपासणाऱ्या २००३ च्या एका अभ्यासात दिसलं, की बहुतेक वेळा हात चुकला नव्हता, नजर फसली होती. सर्जनला खात्रीच होती की ही सिस्टिक डक्ट आहे. खात्री असलेल्या माणसाला 'शंका आली तर एक्स-रे काढ' सांगून उपयोग काय? त्याला शंका येतच नाही.

कृष्णाकाठ

मी डॉक्टर नाही. आईचं ऑपरेशन झालं तेव्हाचं सांगते. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, नाडी जलद, खांद्यात दुखायला लागलं. 'गॅस आहे, चालायला लावा' असं सांगून घरी पाठवलं. पुढे डोळे पिवळे झाले, सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं, आणि नळी घातली तेव्हा पिशवीत हिरवट पित्त आलं. एक्स-रे टेबलावर काढायचा की नाही हे तुम्ही ठरवा. पण ऑपरेशननंतर पेशंट रोज सुधारायच्या ऐवजी खालावत असेल, तर 'गॅस' म्हणण्याआधी तपासा, एवढी कळकळीची विनंती.

एंडोस्कोपी_पुणे

ताई, अगदी बरोबर बोललात. माझ्याकडे पेशंट येतात ते याच टप्प्यावर, आणि बरेचदा उशिरा.

गळती सिस्टिक डक्टच्या बुंध्यातून असेल, तर ईआरसीपी करून स्टेंट, म्हणजे नळीत बसवायची बारीक नळी, टाकतो. पित्ताला आतड्याकडे सोपी वाट मिळते, नळीतला दाब उतरतो आणि गळती बहुधा थांबते. पण मुख्य नळी कापली किंवा क्लिपने पूर्ण बंद झाली असेल, तर स्टेंट वर जाणारच कुठून? तिथे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून नकाशा बघायचा, पोटातलं पित्त बाहेर काढायचं, जंतुसंसर्ग आवरायचा आणि पेशंट यकृत-पित्तमार्गाच्या सर्जनकडे पाठवायचा. ते आतड्याचा लूप वर नेऊन यकृताच्या नळीला जोडतात. घाईघाईत पहिल्याच हॉस्पिटलात केलेली दुरुस्ती आकसते आणि पुढची दुरुस्ती आणखी कठीण होते.

रूटीन कोलँजिओग्रामबद्दल मी लॅप्रो_नाशिक यांच्याकडे झुकतो. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येणारे पेशंट मी पाहतो, त्यामुळे फिल्मवरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी ती करायला मी तयार नाही.

अवांतर: स्टेंट टाकलेल्या पेशंटला काढायची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. प्लॅस्टिकचा स्टेंट काही महिन्यांत तुंबतो आणि मग ताप, काविळ घेऊनच पेशंट परत येतो.

लॅप्रो_नाशिक

सिस्टरांच्या मुद्द्यावर विचार केला. सरसकट प्रत्येकाला करायला माझा नकार कायम आहे. पण सुजलेलं पित्ताशय, आधी होऊन गेलेला स्वादुपिंडदाह, सोनोग्राफीत रुंद नळी, रक्तात वाढलेलं बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं पित्तद्रव्य), एवढ्या पेशंटमध्ये कोलँजिओग्राम ठरवूनच करायचा, शंकेची वाट बघायची नाही, हे मला मान्य आहे. टीमचा सरावही त्यातूनच टिकेल.

मिरजकर_सर्जन

तेवढ्या केसेसमध्ये हात बसेल असं मला वाटत नाही. निदान शिकणाऱ्या रेसिडेंटने तरी प्रत्येक ऑपरेशनला करावा. आणि हो, केला की फिल्म फाइलला लावा. पुढे काही झालं तर एंडोस्कोपीवाल्यांना सगळ्यात आधी तीच हवी असते.