अनोळखी माणसाला मदत: जपानमध्ये हे धर्मातून आलंय की नुसती शिस्त?

रिकामटेकडा: जपानचा विषय निघाला की आपली गाडी हरवलेलं पाकीट परत मिळण्यावर येऊन थांबते. मला वाटतं अनोळखी माणसाला मदत करण्याचं मूळ बौद्ध धर्मात आहे आणि शिकोकू बेटावर ते अजून दिसतं. तिथे ८८ देवळांची परिक्रमा आहे, साधारण १२०० किलोमीटर, कोबो दाइशी म्हणजे कूकाई या भिक्षूच्या नावाने. पांढऱ्या कपड्यातला यात्रेकरू दिसला की गावातले लोक संत्री, चहा, कधी पैसेसुद्धा हातात ठेवतात, ओसेत्ताई म्हणतात त्याला. यात्रेकरूसोबत स्वतः दाइशी चालतात अशी श्रद्धा, म्हणजे याला दिलं की त्यांना पोचलं.

चहाबाज: म्हणजे आपल्या वारीसारखंच की. पण मग २०२१ च्या वर्ल्ड गिव्हिंग इंडेक्समध्ये, म्हणजे कुठल्या देशातले लोक किती दान-मदत करतात याच्या सर्व्हेत, जपान ११४ देशांत ११४वा कसा हो? 'गेल्या महिन्यात अनोळखी माणसाला मदत केली का' याला हो म्हणणारे फक्त १२ टक्के!! कुठे गेले दाइशी?

रिकामटेकडा: सर्व्हेवाल्याला 'हो, मी केली मदत' असं सांगणं तिथे फुशारकी वाटते. पाकीट पोलीस चौकीत दिलं तर जपानी माणूस त्याला मदत म्हणून मोजतच नसेल.

वकीलसाहेब: असहमत. पाकिटाचं श्रेय बुद्धाला कशाला देताय राव, कायदाच तसा आहे. सापडलेली वस्तू जमा केली की मालकाकडून ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं, आणि तीन महिन्यांत कोणी आलं नाही तर बऱ्याच वस्तू सापडणाऱ्याच्याच होतात. वर दर थोड्या अंतरावर कोबान, म्हणजे छोटी पोलीस चौकी.

ओसाकाकर_ताई: इथे राहते म्हणून सांगते, दोघांचंही अर्धंच बरोबर. स्टेशनच्या जिन्यावर जड बॅग घेऊन उभे राहा, शेकडो लोक बाजूने जातील. पण एकाला थांबवून पत्ता विचारा, तो स्वतःची ट्रेन सोडून तुम्हाला दारापर्यंत नेईल. न मागता मदत केली तर समोरच्यावर उपकाराचं ओझं येतं, परतफेड कशी करायची याची त्याला चिंता, म्हणून लांब राहणं हाच इथला सभ्यपणा. आणि म्हणूनच शिकोकूची गंमत वाटते मला, यात्रेकरू ओसेत्ताई घेतो आणि लगेच आपल्या नावाची ओसामेफुदा नावाची चिठ्ठी देतो, हिशोब तिथेच मिटला, कोणी कोणाचं देणं लागत नाही. धर्माने दया शिकवली असेल नसेल, ओझं उतरवायची सोय मात्र केली.

चहाबाज: ताई हे पटलं. फक्त मग ती सोय शहरात का नाही?

इतिहासप्रेमी: सगळे गोड बोलताय म्हणून आठवण करून देतो. १९२३ च्या कांतो (टोकियोच्या आसपासचा भाग) भूकंपानंतर कोरियन लोक विहिरीत विष टाकतायत अशी अफवा उठली आणि गावोगावच्या टोळ्यांनी हजारो कोरियन मारले. देवळं तेव्हाही होतीच ना.

ओसाकाकर_ताई: होती. आणि २००१ मध्ये टोकियोच्या शिन-ओकुबो स्टेशनवर रुळांवर पडलेल्या दारुड्या जपानी माणसाला वाचवायला ली सू-ह्यन हा कोरियन विद्यार्थी आणि एक जपानी फोटोग्राफर उतरले, तिघेही गेले. स्टेशनवर फलक आहे त्याचा.

वकीलसाहेब: त्यात धर्म कुठे आला पण?

रिकामटेकडा: फलकात नाही, ओसेत्ताईत आहे. ताईंची चिठ्ठी मी माझ्याच बाजूला धरतोय, कारण ती देवळात वाहायची चिठ्ठी आहे, कायद्याची पावती नाही.

वकीलसाहेब: धरा. ते १२ टक्के तेवढे कोणत्या बाजूला ते सांगा आधी.